बुसीच्या तोफा आणि थकलेला पगार

फ्रेंच फौजांच्या मोहिमेवर युद्धखेळ रचायचा तुझा बेत मला मनापासून आवडला, म्हणूनच चार गोष्टी मोकळेपणाने सांगते. वारणानगरच्या हॉस्टेलवर पुठ्ठा, कात्री आणि नकाशे पसरून बसली आहेस म्हणे. मुलींना कशाला गं लढायांचे खेळ, असं कुणीतरी म्हणालंच असेल. ते मनावर घेऊ नकोस. लढाईचा खेळ नीट रचायचा म्हणजे माणसं अडचणीत निर्णय कशी घेतात हे समजून घ्यायचं. त्यात मुलगा-मुलगी कुठून आलं? आणि तू राहतेस त्या पन्हाळा तालुक्यातच ताराबाईंनी राज्य चालवलं, फौजा हलवल्या. तेवढं आठवलं तरी पुरे.

आता पहिली गोष्ट. नेपोलियन सोडून दे. वॉटर्लूवर, ऑस्टरलिट्झवर जगभरात ढिगाने खेळ निघालेत, त्यात तू नवीन काय घालणार? त्यापेक्षा आपल्याकडे ये. फ्रेंच फौज मराठ्यांशी आपल्याच नद्यांच्या काठी लढली आहे आणि लढत लढत पुण्यापासून दहा कोसांवर आली आहे. 1751 ची फ्रेंच सेनापती बुसीची मोहीम घे. ती मुलूख, ते हवामान, ती पिकं तुला ठाऊक आहेत. हंगाम कुठला, नदीला पाणी किती, कडबा कुठे मिळेल, हे तुला एसटीच्या खिडकीतून दिसतं. फ्रान्सच्या नकाशावर ही जाण कुठून आणशील?

हकिकत थोडक्यात सांगते, कारण तुला ती अंदाजाने नको, नीट माहीत हवी. 1750 च्या डिसेंबरात निजाम नासिरजंग मारला गेला. पाँडिचेरीचा फ्रेंच गव्हर्नर डुप्ले याने मुजफ्फरजंगाला गादीवर बसवलं. तोही दोन महिन्यांत वाटेतच मारला गेला. तेव्हा फौजेबरोबर असलेल्या बुसीने जागच्या जागी सलाबतजंगाला निजाम केलं आणि त्याला घेऊन तो हैदराबादवरून औरंगाबादेला आला. त्याच्याजवळ होते सुमारे 300 गोरे शिपाई, सुमारे 2,000 कवायती गारदी आणि तोफा. एवढ्या मुठीएवढ्या फौजेवर दख्खनची सुभेदारी उभी होती.

इकडे बाळाजी बाजीराव पेशवे अडचणीतच होते. ताराबाईंनी साताऱ्याच्या किल्ल्यात छत्रपती रामराजाला कैदेत टाकलं होतं, दमाजी गायकवाड त्यांच्या बाजूने चालून येऊन गेला होता. हीच वेळ साधून सलाबतजंग आणि त्याचा दिवाण रघुनाथदास बुसीला घेऊन अहमदनगरवरून पुण्याच्या रोखाने निघाले. नोव्हेंबर 1751 मध्ये कुकडीच्या काठी, चंद्रग्रहणाच्या रात्री, बुसीने मराठ्यांच्या छावणीवर छापा घातला. पेशवे तेव्हा ग्रहणकाळाच्या पूजेत होते. छावणी उधळली, पूजेची सोन्याची उपकरणीसुद्धा शत्रूच्या हाती लागली. मग मोगलांनी, म्हणजे निजामाच्या फौजेने, रांजणगाव लुटलं, तळेगाव ढमढेरे उद्ध्वस्त केलं. पण मराठे मोडले नाहीत. काही दिवसांतच महादोबा पुरंदरे, दत्ताजी शिंदे, ‘फाकडे’ म्हणून गाजलेले कोन्हेर त्रिंबक एकबोटे अशी मंडळी असे काही तुटून पडली की फ्रेंच तोफा नसत्या तर निजामाची धडगत नव्हती.

आणि मग? बुसी पुण्यात शिरला नाही. मराठ्यांनी त्र्यंबकचा किल्ला घेतला, पूर्वेकडे रघुजी भोसले मुलूख दाबत होते, निजामाच्या शिपायांचे पगार थकले होते. 1752 च्या जानेवारीत शिंगव्याला तह झाला. एप्रिलमध्ये भालकीला थकलेल्या पगारापायी चिडलेल्या शिपायांनी खुद्द दिवाण रघुनाथदासाला ठार मारलं. त्याच वर्षी सलाबतजंगाचा थोरला भाऊ गाजीउद्दीन मराठ्यांच्या पाठिंब्यावर दिल्लीहून आला आणि औरंगाबादेला विषाने मेला. तरी त्याने मराठ्यांना कबूल केलेला तापी ते गोदावरीदरम्यानचा वऱ्हाडच्या पश्चिमेचा मुलूख नोव्हेंबर 1752 मध्ये भालकीच्या तहाने सलाबतजंगाला द्यावाच लागला.

आलं लक्षात? कुकडीवर जो जिंकला, त्याने वर्षभरात मुलूख गमावला. तुझ्या खेळाचा सगळा जीव इथे आहे. तू जर खेळ कुकडीच्या छाप्यापाशी संपवलास, तर तो खोटा निष्कर्ष शिकवेल की कवायती तोफांपुढे कुणाचं काही चालत नाही. खेळ भालकीपर्यंत ने. पहिले दोन महिने बारकाईने खेळव, एक डाव म्हणजे तीन दिवस. शिंगव्यानंतर एक डाव म्हणजे एक महिना. शेवटी किती शत्रू मारले हे मोजू नकोस. कुणाच्या हाती किती मुलूख राहिला, तिजोरीत काय उरलं आणि फौज हुकमात आहे की नाही, एवढंच मोज.

म्हणून माझं पहिलं म्हणणं हे की या खेळात सगळ्यात मोठा तक्ता तोफांचा नको, पगाराचा हवा. बुसीची खरी काळजी शत्रूपेक्षा पगाराचीच असायची. पुढे 1753 मध्ये त्याने निजामाकडून पूर्व किनाऱ्यावरचे राजमहेंद्री, एलोर, चिकाकोल, मुस्तफानगर हे चार प्रांत मिळवले ते फौजेच्या खर्चासाठीच. तेव्हा नियम असा कर: दर महिन्याला पगाराचा डाव. पूर्ण पगार मिळाला तर पलटणी नेहमीसारख्या चालतील. एक महिना थकला तर चाल निम्मी. दोन महिने थकला तर शिपाई धरणं धरून बसतील, तोफा जागच्या हलणार नाहीत. तीन महिने थकला तर फासा टाकायचा, आणि त्यात दिवाणाच्या जिवाला धोका. हा शेवटचा नियम वाचून कुणी म्हणेल की हे फार झालं. त्याला भालकीची गोष्ट सांग.

आता यातून एक सुंदर गोष्ट साधते. निजामाची बाजू एकाच खेळाडूला देऊ नकोस. दोघींना दे. एक बुसी, एक रघुनाथदास. फौज बुसीच्या हातात, खजिन्याची चावी दिवाणाच्या हातात. बुसी म्हणणार, पुण्यावर चला, लूट मिळेल, पगार भागेल. दिवाण म्हणणार, खजिना रिकामा आहे, तह करा. मराठ्यांकडेही तसंच. पेशवे एकीकडे, घोडदळाचे सरदार दुसरीकडे, आणि साताऱ्याचं शल्य एका पत्त्यावर लिहून पंचाच्या हाती ठेव. तो पत्ता केव्हा निघेल हे पेशव्यांना माहीत नसावं. एकाच बाजूच्या दोघींना आपापसात भांडायला लावणारा खेळ हा नेहमी खरा होतो, कारण दरबार असेच चालत.

नकाशाचं सांगते. औरंगाबाद, नगर, पारनेर, शिरूर, कोरेगाव, पुणे, वर त्र्यंबक. त्यावर षटकोनी खाने आख, एक खाना दोन कोसांचा धर. नगर ते पुणे साधारण चाळीस कोस, म्हणजे वीस खाने. बैलांनी ओढलेल्या तोफा दिवसाला चार कोस सरकल्या तरी पुष्कळ, म्हणजे एका डावात सहा खाने. बिनतोफांचं मराठी घोडदळ सहज पंधरा खाने जाईल. हा फरक नकाशावर एकदा दिसला की तुला नियमांत गनिमी कावा वेगळा लिहावा लागणार नाही, तो आपोआप घडेल. मराठ्यांची सोंगटी तोफेसमोर उभी राहणार नाही. ती मागून रसद तोडेल, कडबा जाळेल, लमाणांचे तांडे अडवेल.

पण वैरणीला विसरू नकोस गं. घोडा हवेवर जगत नाही. नोव्हेंबरात त्या पट्ट्यात बाजरी निघालेली असते, रब्बीची ज्वारी शेतात उभी असते. म्हणून प्रत्येक खान्याला वैरणीचा एक आकडा दे, नदीकाठी जास्त, माळावर कमी. फौज तिथे थांबली की आकडा उतरतो. शून्य झाला की घोडे खंगतात. मोठं घोडदळ एका जागी बसून राहूच शकत नाही, हे यातून खेळणाऱ्याला आपसूक कळेल. कुकडी, घोड, भीमा या नद्यांना पावसाळा सरल्यावर उतार सापडतात. ते नकाशावर नेमके दाखव, कारण तोफा फक्त तिथूनच पार होतील.

आता कुकडीची रात्र. ती कशी खेळवायची हे बारकाईने सांगते, कारण इथे बहुतेकांचा खेळ फसतो. खेळायला बसलेल्या मुलीला इतिहास माहीत असतो. छापा पडणार हे ठाऊक असलं की ती पहारे चौपट करणार. म्हणजे छाप्याला अर्थच उरला नाही. यावर जुना तोडगा आहे. 1824 च्या सुमारास प्रशियाच्या रायस्वित्झ नावाच्या तोफखाना अधिकाऱ्याने सैन्याला शिकवण्यासाठी नकाशावरचा युद्धखेळ पुढे आणला. त्यात मध्ये एक पंच बसतो, आणि सेनापतीला प्रत्यक्षात जेवढं दिसलं असतं तेवढंच पंच खेळाडूला सांगतो. तूही तसंच कर. दोन्ही बाजू वेगळ्या खोल्यांत बसव. दोघींकडे आपापला नकाशा, खरा नकाशा फक्त पंचाकडे.

मग ग्रहणाची तारीख जाहीर करू नकोस. मोहिमेतल्या कुठल्याही एका रात्री पंच चिठ्ठी पाठवेल: आज ग्रहण आहे, छावणीत स्नान, जप, दान चाललं आहे. आता पेशव्यांची बाजू खेळणारीने ठरवायचं. सगळ्यांना पहाऱ्यावर उभं केलं तर फौजेचं मन नाराज होणार, त्यांची हिंमत एक पायरी उतरणार. पहारा नेहमीसारखा ठेवला तर धोका तिच्या माथी. तिकडे बुसीची बाजू खेळणारीलाही सुख नको. रात्रीची चाल म्हणजे वाट चुकायची भीती, तोफा मागे पडायची भीती. तिने तीन चिठ्ठ्यांतली एक उचलायची: वेळेवर पोचलात, उशिरा पोचलात, भलत्याच ओढ्यावर पोचलात. आता दोघींच्या पोटात गोळा येईल. ग्रहणाच्या वेळी पूजेला बसलेले पेशवे मूर्ख नव्हते, आणि बुसी जादूगार नव्हता. दोघांनीही धोका पत्करला, एकाचा फळला. खेळ संपल्यावर हे ज्याच्या त्याच्या तोंडून निघालं पाहिजे.

तोफखान्याचा नियम मात्र साधा ठेव. त्या काळच्या चकमकीच्या बंदुकीतून सरावलेला शिपाई मिनिटाला दोन-तीन बार काढी, आणि शंभर पावलांच्या पुढे नेम धरवत नसे. एकटा शिपाई काहीच नाही, रांग धरून उभी पलटण म्हणजे सर्व काही. म्हणून गारद्यांना ताकद त्यांच्या रांगेत दे. रांग शाबूत तोवर घोडदळाला समोरून जागा नाही. रांग मोडली, दारूगोळ्याचे गाडे मागे राहिले किंवा नदी ओलांडताना फौज दोन काठांवर विभागली, की एकबोट्यांसारख्या सरदाराला संधी. बस, एवढ्यात सगळं आलं. फाशांचे वीस तक्ते करू नकोस.

आता जरा मनातलं सांगते. ‘फ्रेंच फौज’ असं तू सोंगटीवर लिहिशील, पण तिच्यात फ्रेंच किती होते ते पुन्हा बघ. तीनशे गोरे आणि दोन हजार गारदी. ओझी वाहणारे, बैल हाकणारे, पखालीतून पाणी आणणारे सगळे इथलेच. त्याच बुसीच्या हाताखाली तयार झालेला इब्राहिमखान गारदी पुढे मराठ्यांकडे आला, 1760 ला उदगीरला निजामाविरुद्ध लढला आणि पुढच्या वर्षी पानिपतावर मराठ्यांसाठी मेला. हैदराबादच्या निजामाचा फ्रेंच सेनापती रेमंड, त्याची फौजही तशीच. 1798 ला रेमंड मेला आणि त्याच वर्षी इंग्रजांनी ती फौज मोडली, तेव्हा पगार थकले म्हणून शिपायांनी आपल्याच फ्रेंच अधिकाऱ्यांना कोंडून ठेवलं होतं. 1803 मध्ये शिंद्यांचा सेनापती पेराँ इंग्रजांच्या आश्रयाला गेला, पण त्याच्या कवायतीत घडलेल्या पलटणी लासवारीला आपल्या गोऱ्या अधिकाऱ्यांवाचूनही अशा लढल्या की इंग्रज सेनापती लेकने त्यांची तारीफ केली. तेव्हा सोंगटीच्या पाठीवर त्या माणसांनाही जागा दे. गोऱ्या अधिकाऱ्याची निष्ठा एक आकडा, शिपायांची निष्ठा दुसरा आकडा. दोन्ही एक धरशील तर निम्मा इतिहास गाळशील.

आणि रयत. तळेगाव ढमढेऱ्याला काय झालं ते मी वर एका ओळीत लिहिलं, पण त्या गावाला ते एका ओळीचं नव्हतं. खेळात गाव जाळलं की वैरण मिळते, एवढाच नियम ठेवलास तर खेळणारे खुशाल गावं जाळतील. म्हणून प्रत्येक लुटलेल्या गावाची खूण नकाशावर शेवटपर्यंत राहू दे. तिथला वसूल वर्षभर बंद, तिथली वैरण शून्य, आणि शेवटच्या हिशेबात त्या बाजूचे गुण वजा. लुटीचा मोह असावा आणि त्याची किंमतही दिसावी. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. लढाया आवडणाऱ्या माणसाने आधी हे शिकावं.

वाचायचं काय, हे तू विचारशीलच. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाचं नाव तुला ठाऊक आहे. पण आधी जवळचं धुंडाळ. शिवाजी विद्यापीठाच्या ग्रंथालयात जा, रियासतकार सरदेसायांनी संपादित केलेले पेशवे दफ्तराचे खंड माग, राजवाड्यांची ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ माग. पाँडिचेरीकडची बाजू हवी तर डुप्लेचा दुभाषी आनंद रंग पिळ्ळे याची रोजनिशी आहे. मूळ पत्र वाचताना पत्र कुणी, कुणाला, कुठून लिहिलं हे वहीत वेगळ्या रकान्यात लिही. बातमी पोचायला किती दिवस लागले हे त्यातूनच कळतं, आणि खेळातल्या हुकमाला किती उशीर लावायचा हेही.

तारखांना जप. कुकडीची रात्र पुस्तकांत 21-22 नोव्हेंबर अशी सापडते. ती जुनी इंग्रजी गणना आहे. इंग्रजांनी पंचांग सुधारलं ते 1752 च्या सप्टेंबरात, अकरा दिवस गाळून. फ्रेंच गणनेने तीच रात्र 2-3 डिसेंबरची येते. दोन पुस्तकांतल्या तारखा न जुळल्या तर घाबरू नकोस, कोण कुठलं पंचांग वापरतो ते बघ. आपल्याला तर चंद्रच साक्षीला आहे: चंद्रग्रहण पौर्णिमेलाच लागतं. मराठी कागदांतल्या सुहूर सनाच्या आणि चंद्राच्या तारखांसाठी जंत्री हाताशी ठेव. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकवणाऱ्या बाळाजी प्रभाकर मोडकांनीच तशी जंत्री केलेली आहे.

तुला खर्ड्याच्या लढाईचाही मोह होईल, मला माहीत आहे. 1795 चा मार्च, निजामाकडे रेमंडच्या पलटणी, शिंद्यांकडे पेराँच्या, म्हणजे दोन्हीकडे फ्रेंच कवायत, आणि मराठ्यांचे सेनापती परशुरामभाऊ पटवर्धन. मिरजेच्या वासुदेवशास्त्री खऱ्यांनी छापलेली पटवर्धनांची पत्रं तुझ्यापासून हाकेच्या अंतरावर. सगळं खरं. पण आत्ता नको. एकाच खेळात दोन मोहिमा घातल्यास की एकही धड होत नाही. बुसी आधी पुरा कर.

आणि पुरा म्हणजे कसा? सुबक रंगीत नकाशाच्या मागे लागू नकोस. कोडोलीत झेरॉक्स काढ, पुठ्ठ्यावर चिकटव, सोंगट्या पेन्सिलीने लिही, म्हणजे आकडे खोडता येतील. इतिहासाचं ज्यांना काही माहीत नाही अशा मैत्रिणींना खेळायला बसव आणि तू गप्प बस. त्या जिथे अडखळतील तिथे नियम वाईट आहे, त्यांची समज नाही. कुणी म्हणालं की मराठे हरताना दाखवलेस, तर शांतपणे साधनं पुढे ठेव. कुणी म्हणालं की फ्रेंचांना कमी लेखलंस, तरी तेच कर. ज्या नियमाला कागदाचा आधार नाही तो तुझा अंदाज आहे असं नियमपुस्तकात उघड लिही. त्याने तुझा मान वाढेल.

परीक्षा सांभाळून कर, पण अर्धवट सोडू नकोस. आपल्या मुलखातल्या या मोहिमेचं नियमपुस्तक तू मराठीत लिहावंस आणि पहिल्या पानापासून भालकीच्या तहापर्यंत पुरं करावंस, एवढं माझं मागणं आहे. पहिला मसुदा झाला की पगाराचा तक्ता आधी मला पाठव. तो जमला असेल तर खेळ जमला.